खिशातला नकाशा

तरसाली या आमच्या वस्तीतला इस्त्रीवाला खिशात सापडलेली वस्तू, मग ते बसचे फाटके तिकीट का असेना, कागदाच्या पुडीत बांधून कपड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवतो. बोलतो फार कमी. दिल्लीहून परतल्यावर मी त्याला तिथल्या भुयारी मेट्रोवर पाव तास व्याख्यान दिले. तो गुजरातीत "एम के, साहेब?", म्हणजे 'असं का?', एवढेच म्हणत कॉलर दाबत राहिला.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "साहेब, तुमच्या शर्टात मेट्रोचा नकाशा निघाला. मी ठेवू?"

इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच काही मागितले होते.

"तुला काय करायचाय? तू कुठे जाणार आहेस त्या गाडीत?" मी हसलो.

त्याने नकाशा उलगडून दोन स्टेशनांमधल्या रेषेवर बोट ठेवले. "एवढं आमच्या टोळीनं खोदलंय. मुलीला दाखवलं असतं."

मी घाईघाईने "ठेव, ठेव" म्हणालो, तोवर त्याने पुडी बांधली होती. "असू दे, साहेब. तुमच्या खिशातला आहे."

माफी मागायला मला अजून जमलेले नाही. दर आठवड्याला मी तो नकाशा शर्टाच्या खिशात ठेवून इस्त्रीला पाठवतो. दर आठवड्याला पुडी परत येते.