अनसाबाईच्या अंगणातला कावळा

१९४४ च्या हिवाळ्यात आमची पलटण उत्तर इटलीत होती. मी सिग्नल हवालदार. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. सांगलीत बी.ए. केलं आणि थेट भरतीला गेलो. घरच्यांना वाटलं होतं, पोरगा मामलेदार होणार.

पलटणीची भाषा कुठल्याच एका गावची नव्हती. कवायतीचे हुकूम इंग्रजीत, बाकी कामकाज हिंदुस्थानीत, शिव्या सातारी. त्यात इटलीची भर पडली. पाण्याला पोरं 'आक्वा' म्हणू लागली, पावाला 'पाने'. ज्या शेतकरणीच्या गोठ्यात आमचा मुक्काम होता, तिचं नाव आसुंता. ते कुणाच्या तोंडी बसेना. पलूसच्या लान्स नाईक श्रीपतीनं तिचं नव्यानं बारसं केलं. अनसाबाई. तीही त्या नावाला ओ देऊ लागली.

तिच्या चुलीपुढे श्रीपतीची जागा ठरलेली. ती मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा शिजवायची. श्रीपतीनं एकदा तेच पीठ गरम पाण्यात मळून भाकरी थापली. पहिली तव्यावर टाकतानाच तुटली, तशी बाई खो खो हसली. पुढे ती स्वतःच भाकऱ्या थापायला लागली.

"कड फाटतीया, अनसाबाई," श्रीपती म्हणायचा. "पाण्याचा हात लाव की जरा."

ती तिच्या भाषेत काहीतरी फाडकन बोलायची आणि पाण्याचा हात लावायची.

"काय म्हनली रं?" रहिमतपूरचा नाईक दस्तगीर विचारायचा.

"मला काय ठावं? पर घरी आईबी आसंच वराडती."

गावापुढे नदी होती. दोन्ही अंगांना उंच बांध, पलीकडच्या बांधात जर्मन मशीनगनी. नदी पार करण्याचा हुकूम आला. कंपनी धुक्यात पाण्यात उतरली. मी अलीकडच्या बांधाआड बिनतारी सेटवर होतो. पहिला सेक्शन पलीकडे लागतो न लागतो तोच मशीनगन सुरू झाली.

"हॅलो वन. रिपोर्ट दो. ओव्हर."

"बांध पकडा है. एक जवान गिरा. ओव्हर." आवाज दस्तगीरचा.

"नाम बोलो. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग तो हिंदुस्थानी सोडून बोलला.

"आपला शिरपा गेला, गड्या."

ओव्हर म्हणायचं राहून गेलं.

बांध आमच्याकडे राहिला. श्रीपतीला पिछाडीला अग्नी दिला. पलटण विश्रांतीसाठी त्याच गावात परतली. अनसाबाई दारात उभी होती. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आत गेली आणि भिंतीवरचं घड्याळ बंद केलं. त्यांच्याकडे तशी रीत असावी.

दहाव्या दिवशी आम्ही तिच्या विहिरीच्या कठड्यावर भाताचा पिंड ठेवला. भटजी नव्हता. तिनं आपण होऊन शेजारी मक्याची भाकरी आणून ठेवली. दहाव्याला कावळा शिवला की गेलेल्याचा जीव सुटला असं आमच्याकडे मानतात. नाही शिवला तर त्याची काही इच्छा मागे राहिली. तिकडचा कावळा अंगानं करडा, डोकं आणि पंख तेवढे काळे. समोरच्या झाडावर दोन बसले होते.

"ह्यो कावळाच हाय नव्हं?" एकानं विचारलं.

"गोरा साहेब पैल्यांदा बगितलास, तवा ह्यो माणूसच हाय का म्हनून इचारलंस व्हय रं?" दस्तगीर म्हणाला.

कावळे हलेनात. आम्ही एकेक जण पुढे झालो. तुझ्या आईला भेटू, धाकट्याचं लग्न करू, कबूल करता येईल तेवढं केलं. दस्तगीरही डोक्याला रुमाल बांधून उभा राहिला. "शिरपा, लय ताणू नगंस. खाली ये, बाबा."

ऊन उतरलं. दारातून बघत असलेली अनसाबाई तेव्हा पुढे आली. तिनं छातीवर क्रूस केला, मग आमच्यासारखे हात जोडले, आणि झाडाकडे पाहून हळू आवाजात बोलत राहिली. शेतकऱ्यांची बोली, तीही भरभर. मला एक शब्दही कळला नाही. ती मागे सरली आणि कावळा उतरला. त्यानं आधी भाकरीला चोच लावली.

ती काय बोलली हे कुणी विचारलं नाही. ते त्या दोघांतलं होतं. पण तो आवाज अजून कानात येतो, नुसता आवाज.

१९४६ साली मी फौजेतून सुटून आलो आणि पलूसला गेलो. श्रीपतीची आई ओट्यावर बसली होती. पोरगा कसा गेला हे तिनं विचारलंच नाही.

"तार आल्यावर आमी कृष्णंकाठी दहावा केला," ती म्हणाली. "दिस मावळंपातूर बसलो. कावळा शिवला न्हाई. शेवटाला दर्भाचा कावळा करून शिववला. माज्या लेकराचं काय ऱ्हायलं हुतं? तुला ठावं आसंल तर सांग."

तेव्हापासून तिनं दुपारचं जेवण सोडलं होतं, हे मला तिच्या धाकट्यानं सांगितलं.

मी सगळं सांगितलं. तार उशिरा आली होती. तुमच्या दहाव्याच्या कितीतरी आधी तिकडे कावळा शिवला होता, हेही सांगितलं.

ती ओट्यावर माझ्याकडे सरकली.

"भाकरीला शिवला?"

"व्हय, आक्का. आदी भाकरीलाच."

"मंजी तिकडं जेवला हुता त्यो." तिनं पदर डोळ्यांना लावला. मग जरा कडक आवाजात म्हणाली, "तिनं काय कबूल केलं माज्या लेकाला?"

"कळलं न्हाई मला."

"येवडं शिकून?"

"तिची बोली येत न्हाई, आक्का."

"तिला प्वार हाय का?"

"एकच. पिएत्रो. फोटू दावून 'रूस्या, रूस्या' करायची, त्यांच्या फौजंतनं तिकडं रशियात गेला. मेल्याचा कागद न्हाई, आन् जित्ता म्हनूनबी खबर न्हाई."

त्या वर्षी पितृपक्षात मी मुद्दाम गेलो. श्रीपतीचं पान धाकट्यानं कौलांवर ठेवलं. तोवर म्हातारीनं दुसरं पान वाढलं.

"ह्ये कुणाचं, आई?"

"त्या पेतरूचं."

तो पान घेऊन शिडीला लागला, तशी ती ओरडली, "वर नगं! जित्ता आसंल तर? जित्त्याचं पान कावळ्याला घालत्यात व्हय रं?"

पान घेऊन ती रस्त्यावर आली. माधवनगरच्या मिलमध्ये काम शोधायला निघालेला एक कानडी माणूस जात होता. त्याला मराठी धड कळत नव्हतं. तिनं त्याला हाताला धरून ओट्यावर बसवलं.

"जेव, बाबा. पोटभर जेव."

त्याचं जेवण होईपर्यंत ती समोर बसून राहिली. मग तिनं आपलं दुपारचं ताट वाढून घेतलं. वर कौलांवरचं श्रीपतीचं पान केव्हाच रिकामं झालं होतं.