शकूचे दोन तास

शकू माझ्या हाताखाली नऊ वर्षं होती. मी गवंडी, ती घमेली उचलायची. सिमेंटचा माल पातळ झाला की मी बोलायच्या आधीच ती पुन्हा मळायला घ्यायची. असं काम करणारी माणसं मी आयुष्यात चार पाहिली. त्यातली ती एक.

आता ती बासष्टची. नवरा दीनानाथ वारला, मूलबाळ नाही. कोन गावात आमच्या शेजारीच राहते. सरकारकडून निराधार पेन्शनचे महिना दीड हजार मिळायचे. पण बसून करमेना. करंजाड्याच्या एका बालवाडीत झाडलोटीचं काम मीच लावून दिलं. सकाळचे दोन तास, महिना दोन हजार. त्यातले हजार रिक्षाला जात. तरी खूश होती.

मार्चमध्ये पेन्शनच्या पडताळणीला तिच्यासोबत कचेरीत गेलो. कारकून बाकड्याकडे बघून ओरडला, "निराधार कोण कोण? पुढे या."

शकू हलेना. मी कोपरानं ढोसलं.

"मी कशाला निराधार?" ती मोठ्यानं म्हणाली. "मी कामाला जाते. दोन हजार पगार हाय."

"मावशी, हळू बोला," कारकून म्हणाला.

"हळू कशाला? चोरी केली काय?"

मग त्याला लिहावंच लागलं. उत्पन्न वर्षाला एकवीस हजारांच्या मर्यादेच्या वर. पेन्शन बंद.

बाहेर येऊन मी झापलं. "गप बसायला काय झालं व्हतं?"

"तुमीच शिकवलंत ना दादा, भिंत वाकडी असंल तर सांगायचं."

बसून दीड हजार मिळत होते. राबून आता रिक्षाचं भाडं जाऊन हजार.

मी बालवाडीच्या निशाबाईंना भेटलो. त्यांनी तोड काढली: आठवड्याला तीनच दिवस यायचं, पगार हजार. मर्यादेत बसतं. पुन्हा अर्ज केला. शकूनं मुकाट सही केली.

पहिल्याच सुट्टीच्या दिवशी, मंगळवारी, ती नाक्यावर रिक्षासाठी उभी.

"आज सुट्टी हाय ना तुझी?"

"काल पोरांनी कागद कापलेत, दादा. उद्यापरत तसंच पडू देऊ?"

"पगार तीन दिवसांचाच हाय."

"ते कचऱ्याला काय माहीत?"

रिक्षा आली, ती बसून गेली.

अर्जाचं अजून कळलेलं नाही. पगार हजार, आणि भाडं सहाही दिवसांचं, तेही हजार. मी रोज शिव्या घालतो. ऐकत नाही.