न्यायमूर्तींची चाळणी

माझा धाकटा भाऊ आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीत बसला. कुणाचा नळ आधी दुरुस्त व्हायचा आणि कुणी आणखी आठवडाभर बादल्या वाहायच्या, हे तो ठरवायचा. निवृत्तीनंतर माणसाच्या हातून नळ गेले, पण ठरवायची सवय कुठे जाते? मग त्याने 'चाळणी' काढली. इंटरनेटवर रोज जे काही लिहिलं जातं त्यातलं वाचनीय तेवढं निवडायचं, त्याच्या लिंका एका पानावर लावायच्या आणि प्रत्येकीखाली स्वतःचा एका ओळीचा शेरा. झाला संपादक! घरात आम्ही त्याला न्यायमूर्ती म्हणतो. त्याला ते कौतुक वाटतं.

विनोद म्हणजे चाळणी चालली. भली भली माणसं सकाळी चहाबरोबर ती उघडू लागली. स्वतः शोधून वाचण्याचे कष्ट कुणाला हवेत? आणि चाळणीत यायला लोक काय काय करू लागले! कुणी वाढदिवस लक्षात ठेवी, कुणी त्याच्या शेऱ्यांना 'मार्मिक' म्हणे. जो मार्मिक म्हणे तो पुढच्या आठवड्यात वाचनीय ठरे. यात पक्षपात अजिबात नाही. गुणग्राहकता म्हणतात याला.

दर सोमवारी पहिली जागा त्याच्या दातांच्या डॉक्टरांच्या चिंतनाला. का? तर न्यायमूर्तींच्या दाढेवर तात्पुरती टोपी बसवलेली होती आणि कायमची यायची होती.

कामाची पद्धतही साहेबी थाटाची. संगणकाला हा हात लावत नाही. माझी भावजय लेख छापून देते, हा आरामखुर्चीत पडून वाचतो. पसंत असेल तर लाल पेन्सिलीने शेरा, नापसंत असेल तर निळीने फुली. लाल ते भावजय पानावर चढवते, निळं रद्दीत. डॉक्टरांचं चिंतन मात्र छापायचीही गरज नसे. "ते थेट लाव," म्हणायचा, "त्यांचं काय वाचायचं!" अगदी खरं बोलायचा.

आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी श्रवणयंत्रांच्या दुकानात काम करते. यंत्रं कानात बसवून देते, बिघडली तर उघडून दुरुस्त करते आणि दुकानात येणाऱ्या माणसांबद्दल लिहिते. छान लिहिते. मी मावशी आहे म्हणून नाही, मला वाईट लिहिलेलं सहन होत नाही म्हणून सांगते. एका प्रकाशकाने तिला सांगितलं, "चाळणीत येऊ द्या एकदा, मग पुस्तकाचं बघू." पोरीचा जीव त्या पुस्तकात अडकलेला. ती मामाकडे गेली.

मामा म्हणाले, "नात्यातल्यांना चाळणीत जागा नाही. तत्त्व आहे."

"वाचून तरी बघा ना, मामा."

"वाचलं तर आवडेल, आवडलं तर लावावंसं वाटेल, आणि मग तत्त्वाचं काय?"

हे ऐकल्यावर मी तडक त्याच्या घरी गेले.

"डॉक्टर चालतात आणि भाची नाही?"

"ताई, डॉक्टर नात्यातले नाहीत."

"दाढ तर तुझीच आहे ना?"

तो जरा वरमला. मग त्याचं त्यालाच काय सुचलं कोण जाणे, म्हणाला, "ठीक आहे. नावं काढून द्या सगळी. मी आंधळेपणाने निवडतो. मग तरी तुझं समाधान होईल?"

भावजयीने आठवड्याचे सगळे लेख नावं गाळून छापले. त्यात भाचीचा घातला आणि डॉक्टरांचाही. मला धाकधूक होती की भाचीचा तो लगेच ओळखेल. मी विसरलेच होते की ही मुलगी चष्म्याच्या दुकानात आहे असा त्याचा कित्येक वर्षांचा ठाम समज आहे.

तो वाचत होता, मी समोर बसून बघत होते. डॉक्टरांच्या चिंतनावर तो दुसऱ्या पानालाच आडवा झाला. निळी पेन्सिल घेण्याइतकंही भान राहिलं नाही, हातात होती त्या लाल पेन्सिलीनेच त्याने खरडलं, "लेखकाने विश्रांती घ्यावी, वाचकालाही द्यावी." मग भाचीचा लेख. एका बाईंना नवं यंत्र बसवल्यावर त्या दुसऱ्याच दिवशी दुकानात परत येतात. म्हणतात, यंत्र बिघडलंय, सारखं कुणीतरी माझ्या मागून चालतंय. त्यांच्या स्वतःच्या चपलांचा आवाज असतो तो, कित्येक वर्षांनी ऐकलेला. न्यायमूर्ती खुर्चीत सरळ झाले. शेवटापर्यंत वाचून त्याने लिहिलं, "आज एवढं एकच वाचलंत तरी चालेल."

मी नावं सांगितली. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"हा नुसता प्रयोग होता," म्हणाला आणि फिरायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळणीत सगळ्यात वर भाची, खाली डॉक्टर, आणि दोघांखाली न्यायमूर्तींचे शेरे, शब्दशः.

"अगं, हे काय केलंस?" तो भावजयीवर ओरडला.

"लाल ते चढवायचं," ती कणीक मळता मळता म्हणाली. "आजवर मी दुसरं काय केलंय?"

डॉक्टरांचा फोन आला. ते फार सभ्यपणे बोलले म्हणे, फक्त पुढची तारीख द्यायला विसरले. न्यायमूर्ती घाबरले. शेरा मागे घेणं कमीपणाचं, म्हणून खाली खुलासा लावला: 'पहिल्या लेखाची लेखिका माझी भाची आहे. नावं झाकून निवड केल्यामुळे हे मला माहीत नव्हतं, डॉक्टरांचंही नाही.' आता हे कोण खरं मानणार? आजवर वशिल्याने लिंका लावल्या तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. एकदाच सचोटीने निवडलं, तर सगळ्यांना वशिला दिसला.

संध्याकाळी भाची आली. मी तिथेच होते. तिचे डोळे लाल.

"प्रकाशक म्हणाले, मामा आहेत होय तुमचे! मग या शिफारशीला काय अर्थ? मी म्हटलं, तुम्ही स्वतः वाचून बघा. तर म्हणाले, मला वेळ असता तर चाळणी कशाला बघितली असती? पुस्तक नाही म्हणाले."

"म्हणजे मी वशिला लावला म्हणतो तो?" न्यायमूर्ती खुर्चीतून उठले. इतका खरा संताप मी त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. खोट्या आळाला माणूस सरावतो, खरा आळ आला तर हसून सोडतो, पण केलेल्या एकुलत्या एका चांगल्या कामावर शंका म्हणजे फारच झालं. "लाव त्याला फोन. आवाज मोठा ठेव."

भाचीने लावला.

"नमस्कार, चाळणीवाला बोलतोय. भाचीचा मामा. वेळ नाही म्हणालात ना? वाचू नका. नुसतं ऐका."

"अहो, पण साहेब, मी आत्ता..."

"फोन ठेवलात तर उद्याच्या चाळणीत तुमच्याबद्दल लिहीन, आणि शेरा लाल पेन्सिलीचाच असेल."

पलीकडून फोन ठेवला गेला नाही. न्यायमूर्तींनी चष्मा लावला, कागद दिव्याखाली धरला आणि वाचायला सुरुवात केली. त्याला वाचता येतं बरं का चांगलं, आम्हालाही त्या दिवशीच कळलं. भावजय कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. त्या बाई चपला हातात घेऊन अनवाणी दुकानभर चालून बघतात, तिथवर तो आला आणि पलीकडून कुणीतरी घसा साफ केला.

"साहेब, एक मिनिट. असे आणखी आहेत का त्यांच्याकडे? सगळे पाठवायला सांगा, मी..."

"मध्ये बोलू नका," न्यायमूर्ती म्हणाले. "अजून संपलेलं नाही."