भावाच्या आतड्याचं ऑडिट

लोक युरोपला जाऊन येतात आणि प्रवासवर्णन लिहितात. मी तळेगाव दाभाड्याहून पिंपरीला जाऊन आले आणि लिहायला बसलेय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

निमित्त माझा धाकटा भाऊ नितीन. दीड वर्षापूर्वी त्याच्या आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली आणि जवळजवळ सगळं लहान आतडं कापून टाकावं लागलं. तेव्हापासून तो टीपीएनवर (शिरेतून दिलं जाणारं अन्न) जगतो. त्यासाठी छातीत बसवलेल्या नळीला दोनदा जंतुसंसर्ग झाला, मग यकृतही कुरकुरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, आता आतड्याच्या प्रत्यारोपणाचं बघा. पिंपरीतल्या एका हॉस्पिटलात ते करतात म्हणे. पण कितपत चांगलं करतात, हे कोण बघणार? घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत सप्लायर ऑडिट करते. दुसऱ्यांच्या कारखान्यात जाऊन नाक खुपसायचं, यावर माझं पोट चालतं. मीही शेफारले आणि चांगली चार पानी चेकलिस्ट केली.

सकाळी आठला निघालो. नितीन शेजारी बसला होता, मी त्याला चेकलिस्ट समजावत होते, आणि गाडी सवयीने चाकण रस्त्याला लागली. इंदोरी आलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ताई, मला हॉस्पिटलात भरती करायचंय की तुझ्या कंपनीत?" वळायला जागा मिळेपर्यंत आम्ही एका कंटेनरच्या मागे मुंगीच्या पावलांनी चालत होतो.

निगडीला मला भूक लागली. नितीनसमोर खायचं नाही असा माझा नियम आहे. म्हणून "चाकातली हवा बघते" असं सांगून उतरले आणि टपरीच्या आडोशाला उभी राहून वडापाव खाल्ला. परत येऊन बसले तर म्हणतो, "हवा तिखट होती का गं? हनुवटीला चटणी लागलीय." लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हॉस्पिटलात आमच्या शेजारच्या बाकावर बाळूभाऊ बसले होते. मावळातले शेतकरी, इथेच प्रत्यारोपण झालेलं, तपासणीला आलेले. मला लगेच संशय आला. सप्लायर पेटीच्या वरच्या थरात हटकून चांगले नग ठेवतात, हा तसला तर नग नव्हे? मी पेन काढलं.

"जेवण जातं का?"

"व्हय, भाकर खातो, पिठलं खातो."

"त्रास काही?"

"लई हाय की! सारखं बोलावत्यात, सारखी दुर्बीण घालून बघत्यात. दोनदा परत भरती झालो. गोळी घटकाभर बी चुकवायची न्हाई." मग ते नितीनकडे वळले. "पर भूक लागती बघा."

"कशी लागते?" नितीनने विचारलं. त्याचा आवाज इतका हळू होता की मला पेन खाली ठेवावं लागलं. दोघं बराच वेळ भुकेविषयी बोलत होते.

आत बोलावलं. सर्जन पन्नाशीचे होते. मी ऐटीत पहिला प्रश्न टाकला, "तुमच्याकडे रिजेक्शन किती?" आमच्याकडे सगळा खेळ याच्यावर असतो. रिजेक्ट झालेला नग लाल पेटीत जातो, आणि ती पेटी भरली की सप्लायरची खैर नाही.

"बऱ्याच जणांना कधी ना कधी येतं," डॉक्टर म्हणाले.

"मग ते आतडं टाकून देता?"

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नितीनकडे. "ताई, शरीर नव्या आतड्याला परकं मानतं, त्याला आम्ही रिजेक्शन म्हणतो. म्हणून तर सुरुवातीला स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) ठेवतो आणि पुन्हा पुन्हा आतून तुकडा घेऊन तपासतो. लवकर सापडलं तर बहुतेक वेळा औषधाने आवरतं. मला रिजेक्शन फारच कमी दिसायला लागलं, तर मी आधी विचारतो, आपण नीट शोधतोय ना?"

अहो, हेच वाक्य मी सप्लायरला सुनावत असते! मला आजवर कुणी सुनावलं नव्हतं.

मग मी जरा जमिनीवर आले. किती केलीत, वर्षाने किती जिवंत होते, किती जणांची नळी सुटली आणि ते फक्त तोंडाने जेवतात, हे नीट विचारलं. त्यांनी फाइल उघडली आणि सुरुवात गेलेल्यांपासून केली. कोण कशाने गेलं, त्यात आपलं काय चुकलं, काय हातात नव्हतं. पाच वर्षांचं विचारलं तर म्हणाले, "सांगता येत नाही. आमचं काम अजून तेवढं जुनं नाही." माझ्या चेकलिस्टमध्ये 'माहीत नाही' असा रकानाच नव्हता.

"आता माझा प्रश्न," ते म्हणाले. "पुढची दोन वर्षं याच्यासोबत कोण राहणार? गोळ्या घड्याळ लावून द्यायच्या, ताप आला की धावत इथे आणायचं. नाव लिहा."

नितीनचं लग्न झालेलं नाही. आईला गुडघ्यांनी जेरीस आणलंय. त्यांनी सरकवलेला फॉर्म माझ्यासमोर होता आणि मी थांबले. फार नाही, एक श्वासभर. पण नितीनने ते पाहिलं. "घरी विचारून सांगतो," म्हणत त्याने फॉर्म उचलला.

परतीच्या वाटेवर देहूरोड आलं. तो म्हणाला, "राहू दे ताई. चाललंय तसं चालू दे."

"चाललंय काय कप्पाळ!" मी गाडी कडेला घेतली आणि ओरडले. ओरडता ओरडता खरं ते बाहेर पडलं. मला त्याचं करायचा कंटाळा नव्हता, मी घाबरले होते. ऑडिट कशासाठी असतं? उद्या काही बिघडलं तर माझी सही बरोबर होती, एवढं म्हणता यावं म्हणून. नितीनचं काही बरंवाईट झालं तर दोष हॉस्पिटलवर ढकलता यावा, म्हणून मी चार पानं लिहिली होती. हे मी त्याला सांगितलं आणि रडले.

"भीती मला पण वाटते गं," तो म्हणाला. मी फॉर्म स्टिअरिंगवर ठेवून माझं नाव लिहिलं.

संध्याकाळी घरी पोचलो. त्याची टीपीएनची पिशवी नळीला जोडायची वेळ झाली होती. दीड वर्ष हे काम तो एकटा करतोय आणि मी दाराबाहेरून "झालं का रे?" विचारतेय. आज आत गेले. म्हटलं, मला शिकव.

"आधी हात धू. कोपरापर्यंत."

मी धुतले आणि त्याच्यासमोर धरले. त्याने उलटसुलट करून पाहिले.

"परत," तो म्हणाला. मी परत साबण घेतला.