टेपची राहुटी

मी आणलेलं कपाट आमच्या घराच्या दारातून आत गेलं नाही.

मालवणच्या बाजारातून टेम्पोत घालून आणलं, चौघांनी धरून उतरवलं, दाराशी नेलं आणि तिथंच ते अडलं. आडवं करून बघितलं, तिरकं करून बघितलं. शेजारचा बाबल तर चौकट काढायला पहार आणू का, असं विचारू लागला. एवढ्या गोंधळात पडवीच्या कठड्यावर पाय हलवत बसलेली एक शाळकरी पोरगी शांतपणे म्हणाली, "काका, मी कालच सांगलंय मा. ता आत जावचा नाय."

तिने खरंच सांगितलं होतं. आदल्या दिवशी दोन्ही हात फाकवून तिने आधी दार मोजलं होतं, मग तसेच फाकवलेले हात घेऊन माझ्यामागून दुकानात येऊन कपाट मोजलं होतं. "मोठ्या माणसांत बोलू नये," असं मी तिला दुकानदारादेखत सुनावलं होतं. कपाट आजही पडवीत आहे. खालच्या कप्प्यात कोंबड्या अंडी घालतात.

ही माझ्या मोठ्या भावाची मुलगी. भाऊ-वहिनी दोघंही मुंबईला नोकरीत, आम्हा नवरा-बायकोला मूलबाळ नाही. ती सुट्टीला म्हणून आमच्याकडे आली आणि राहिली. तिचं खरं नाव चांगलं आहे, पण कपाटाचं प्रायश्चित्त म्हणून मी तिला बाजारातून मोजायची टेप आणून दिली आणि तेव्हापासून वाडीने तिचं नाव टेप ठेवलं. "टेप खंय गेली?" "ती काय, शेणाच्या गायरीच्या बाजूक बसली हा, म्हशीक मोजता." विहिरीचा काठ, देवळाची पायरी, भजनाला बसलेल्या दोन बुवांमधली जागा, काहीही तिला मोजायला चालायचं. मी दुपारी झोपलो की मलाही मोजायची. कोणी उगाच वाद घालू लागलं की म्हणायची, "आधी माप, मगे गजाली." टेपचं शून्याकडचं टोक धरायचं काम माझं. तिच्या सबंध शिक्षणात माझा हातभार म्हणावा तो एवढाच, आणि तोही मी माशी हाकलायला म्हणून मधूनच सोडून देत असे.

मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. ती आर्किटेक्चरला गेली तेव्हा मी गावभर सांगत फिरलो, की पोरीला सरळ रेघ मी शिकवली. एकदा हे तिच्यासमोरच कोणाला तरी सांगत होतो. ती म्हणाली, "काकाक सरळ रेघ कधी मारूक जमली नाय. ता बघून मी पट्टी घेतलंय."

घाटावरच्या कॉलेजात पहिल्या वर्षी त्यांना एका कुटुंबासाठी घर काढायला सांगितलं होतं. बाकीच्या मुलांनी काचेचे हॉल काढले, हॉलमध्ये झुंबरं काढली. आमची टेप सुट्टीत आली आणि माझी बायको विळीवर बांगडे कापायला बसली, तशी ही तिच्यापुढे टेप घेऊन उकिडवी बसली. काकीचा हात कुठपर्यंत जातो, पाण्याचं भांडं किती लांब, मांजर कुठून येतं. काकी म्हणाली, "गो, माका काय शर्ट शिवतंस?" त्या एका बैठकीभोवती तिने अख्खं घर काढलं. उजेड काकीच्या डाव्या अंगाने येईल असा, आणि मांजर यायच्या वाटेवर जाळी. त्या घरात माझी खुर्ची कुठे आहे, असं मी विचारलं. म्हणाली, "तू बाहेरच असतंस मा."

पुढे बसस्थानक काढायचं होतं, तेव्हा बांद्याच्या स्टँडवर ती दिवसभर जाऊन बसली. माणसं बोचकी कुठे ठेवतात, म्हातारी माणसं कशाला धरून उठतात, हे तिला बघायचं होतं. सोबत म्हणून मी गेलो आणि बाकावर तोंड उघडं टाकून झोपलो. महिनाभराने तिने शीट दाखवलं. नकाशात इमारत केवढी, ते कळावं म्हणून शेजारी एखादं माणूस काढायची पद्धत असते. तिच्या स्टँडशेजारचं माणूस म्हणजे पोट सुटलेला, काखेत छत्री घेतलेला, तोंड उघडं टाकून झोपलेला मी. त्यानंतर प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तेच माणूस. तिच्या शाळेच्या दाराशी मी, दवाखान्याच्या पायरीवर मी. बायको म्हणाली, "बरां झाला. कामाक नाय तर नकाशाक तरी लागले."

मी मात्र तिच्यासाठी मोठमोठी स्वप्नं बघत होतो. विमानतळ, पंचतारांकित हॉटेल, गेला बाजार एखादा मॉल. बाजारात लोकांना सांगूनही ठेवलं होतं. एकदा तिला विचारलं, शिकून काय बांधणार तू. ती म्हणाली, "माणसां पाठीर घेवन जातली, असला घर."

हे कुठून आलं, ते मला माहीत होतं. आमच्या गावात गावपळण असते. दर काही वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळं गाव घरंदारं बंद करतं आणि गुरं, कोंबड्या, कुत्री, भांडीकुंडी घेऊन वेशीबाहेर जाऊन राहतं. तीन दिवस, तीन रात्री. माडाच्या चुडतांच्या, ताडपत्रीच्या राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात, भजनं होतात. टेप शाळेत असताना एका गावपळणीत आमची राहुटी मी बांधली होती. पहिल्याच दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना ती राहुटी आमच्या अंगावर बसली. बायको डाळीतून चुडताच्या काड्या वेचत मला काय काय बोलत होती, आणि ही पोरगी पडलेल्या वाशांची मापं घेत होती.

"आपणाक देव आधी सांगता, मगे भायर काढता," ती म्हणाली. "पुरात, दरडीत ज्यांची घरां जातत, तेंका कोण सांगता, काका?"

तिला काम करायचं होतं ते त्यांच्यासाठी. आसामात पुराच्या मुलखात निवारे उभारणारी एक संस्था तिला घ्यायला तयार होती, पण त्यांना तसं केलेलं काम दाखवायला हवं होतं. म्हणून शेवटच्या वर्षाच्या मोठ्या प्रोजेक्टला तिने राहुटी घेतली. दोन बायकांनी खिळा-हातोडीशिवाय, चुलीवरचा भात शिजेपर्यंत उभी करायची राहुटी. तिच्या सरांनी विषय बाजूला ठेवला. झोपडी म्हणजे आर्किटेक्चर नव्हे, समुद्रकाठचं रिसॉर्ट कर, म्हणाले. तिने हट्ट सोडला नाही. नेमका त्याच वर्षी गावपळणीचा कौल झाला. तेव्हा सर म्हणाले, मी येऊन डोळ्यांनी बघतो. उभी राहिली तर विषय मंजूर. नाही तर सगळं सोडून रिसॉर्ट, आणि मग आसामचं विसरायचं.

राहुटी केली होती पोफळीच्या वाशांची आणि बांबूंची. प्रत्येक टोकाला काथ्याचा फास आणि फासाशेजारी रंगीत चिंधी. तांबड्याला तांबडं जोडायचं, हिरव्याला हिरवं. वाचता न येणाऱ्यालाही जमावं. चिंध्या काकीच्या जुन्या लुगड्यांच्या. खळ्यात जोडून-मोडून सराव झाला आणि चिंध्या चिखलाने पार मळून गेल्या.

सर येणार म्हणून आदल्या दिवशी मी त्या सोडल्या, साबणाने धुतल्या, वाळवल्या आणि परत बांधल्या.

दुसऱ्या दिवशी गावपळणीला गाव वेशीबाहेरच्या कातळावर जमलं. सर मोटारसायकलवरून आले, मला बघून थबकले. "तुम्ही शीटवरचे ना?" मी होय म्हटलं. परक्या माणसाने मला ओळखायची ही पहिलीच वेळ. मी छत्री काखेत नीट धरली.

टेपने हात लावायचा नाही, बोलायचंही नाही, असं सरांनी ठरवलं होतं. बायको आणि बाबलची बायको, दोघींनी चुलीवर भात ठेवून कामाला सुरुवात केली. उन्हात चिंध्या अशा चमकत होत्या, की मला अभिमान वाटला. तांबडं तांबड्याला लागलं, हिरवं हिरव्याला लागलं, आणि राहुटीचा एक पाय आभाळाकडे गेला.

"ह्यो पाय वर खंय चल्लो?" बायको म्हणाली.

टेप पुढे आली, एक चिंधी उचलून तिने नाकाशी नेली. साबणाचा वास आला असणार. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"कोणी धुतल्यानी?"

"मी," मी म्हटलं. "मळलेल्यो."

"नि परत कशे बांधलंस?"

"आठवणीन."

"आठवणीन," ती म्हणाली आणि कातळावर खाली बसली. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती टेप ओढत होती आणि सोडत होती.

माझी बायको हातात घेतलेलं काम अर्धवट टाकणाऱ्यांतली नाही. "इतक्या केला तर पुरा करुया गे," असं बाबलच्या बायकोला म्हणत तिने जे ज्याला लागेल ते जोडून टाकलं. भात उतरला तेव्हा जे उभं होतं त्याला राहुटी म्हणायचं तर धाडस लागलं असतं. एक बाजू कमरेइतकी, दुसरी माडीइतकी. दार दोन ठिकाणी. छपराचा उतार डोंगराकडे. सरांनी बॅग बंद केली.

त्याच वेळी बाबल आपला पाडा, म्हणजे तरणा गोऱ्हा, घेऊन आला. समोर दिसला खांब, त्याला पाडा बांधला आणि विडी ओढायला गेला. पाड्याला कुत्रं दिसलं. पाड्याने जो हिसका दिला, त्याने ती अख्खी राहुटी करकरत हातभर सरकली, एका अंगाला झुकली, आणि थांबली. पडली नाही. पाड्याने आणखी दोन हिसके दिले. प्रत्येक हिसक्याला फास आवळत होते आणि राहुटी जास्तच घट्ट होत होती.

सरांनी बॅग खाली ठेवली. स्वतः जाऊन राहुटी हलवली, ढकलली, वाशाला लोंबकळून बघितलं. एका दारातून आत गेले आणि दुसऱ्या दारातून केसांत कचरा घेऊन बाहेर आले.

"खुणा कोणी बांधल्या?"

बायकोने भाताच्या पळीने माझ्याकडे दाखवलं.

सर टेपकडे वळले. "बरोबर जोडलेलं कोणाचंही उभं राहतं. पण भिजलेली, भेदरलेली माणसं चुकीचंच जोडणार. याचा विचार तू केला होतास?"

ती खोटं बोलू शकली असती. म्हणाली, "नाही सर. फास कुठूनही ओढला तरी आवळावा, एवढंच बघितलं होतं. इतकं चुकीचं कोणी जोडेल, असं वाटलं नव्हतं."

"मग आता तेच शोध. किती चुकलं तरी चालतं, ते लिही. विषय मंजूर."

सर गेल्यावर मी लांब जाऊन बसलो. विषय मंजूर झाला तरी तिचा पडलेला चेहरा काही डोळ्यांपुढून जात नव्हता. उन्हं कलली तशी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि टेपचं टोक पुढे केलं. "धर." दिवस बुडेपर्यंत आम्ही ती वाकडी राहुटी मोजली. तिने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. पण त्या दिवशी माशा कितीही बसल्या तरी मी टोक सोडलं नाही.

गावपळणीचे तिन्ही दिवस आम्ही त्याच राहुटीत काढले. झोपताना माझे पाय डोक्यापेक्षा वर जात. बायको म्हणाली, "बरां आसा. रगात डोक्याकडे जायत."

निकाल लागला आणि ती आसामला निघाली. तिला पोचवायला मी फोंडाघाटापर्यंत गेलो. तिथून तिला घाटावरची गाडी होती. बायकोने पहाटे उठून घावणे आणि सुक्या जवळ्याची चटणी डब्यात भरून दिली होती. मी तिला वाटेत काय काय जपायचं ते सांगत राहिलो. खिडकीजवळ बस, पाणी उकळून पी, परक्यांशी जास्त बोलू नको. एवढं बोलणारी पोर, पण त्या दिवशी तिने माझं एकही वाक्य खोडलं नाही, तेव्हाच तिला निघणं जड जातंय, हे मला कळायला हवं होतं. गाडी हलली, वळणावर गेली, आणि डबा माझ्या हातातच होता. परतीच्या गाडीत मी तो मांडीवर धरून बसलो. उघडला नाही. घरी आल्यावर बायकोने डबा बघितला आणि माझ्या हातातून घेऊन आत नेला.

आता ती वर्षातून एकदा येते, कधी तेवढंही जमत नाही. चतुर्थीच्या दिवसांतच तिकडे नद्या चढलेल्या असतात. रविवारी मात्र फोन येतो. या रविवारी बायको पाटावर बसून आमसुलांसाठी रातांबे फोडत होती, म्हणून फोन मोठ्या आवाजात लावून मध्ये ठेवला.

"काका, नवी राहुटी केलंय," टेप म्हणाली. "पुढच्या महिन्यात गावागावांत वाटूक व्हयी. पण हयसर सगळी माणसां शाणी आसत. चुकीची लावा म्हणान सांगलंय तरी बरोबरच लावतत. मुद्दाम चुकतत, ता वेगळा कळता. खरी चूक करूक कोण गावणा नाय. तू येशीत?"

मी म्हटलं, अगो, एवढ्या लांब, ह्या वयात, माझी हिंदी ही असली, आणि इथं सुपारी कोण बघणार. खरं तर जावंसं मला केव्हापासून वाटत होतं. तरी कोणी तरी नको म्हणावं, अशा आशेने मी बायकोकडे बघितलं.

तिने रातांब्यावरून मान वर केली नाही.

"जावा," ती म्हणाली. "ह्या काम दुसऱ्या कोणाक जमाचा नाय."