खाली घे म्हणून राहिला तो!

वहिनीचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. "ताई, तुमचे दादा गेले..." एवढंच बोलली. त्याला आता महिना होत आला. रडूनही थकले. भिलाईला जाऊन आले, सगळे म्हणाले, दादा मोठा मनमिळाऊ होता. होता ना. पण मला दिसतो तो कॉम्प्युटरसमोर, बाबांना शेजारी ओढून बसलेला.

बाबा तिथल्याच स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. एका तापात त्यांचे कान गेले आणि त्यांनी बोलणंही सोडलं. सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. आई बोलून बोलून कंटाळली. ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार असेल. दादा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. तिथला एक जुना कॉम्प्युटर त्यानं घरी आणला आणि फ्लॉपीवरचा एक गेम लावला. असा गेम आम्ही बघितलाच नव्हता. गुण नाहीत, किती जीव उरले ते नाही, पडद्यावर एक अक्षर नाही. नुसता सिनेमा! परक्या दुनियेत पडलेला एक माणूस, कड्यांवरून उड्या मारत पळणारा. मधेच एकदम त्याचा चेहरा जवळून दिसायचा, कधी नुसता हात... तिथे त्याला एक धिप्पाड सोबती भेटतो. दोघांची भाषा वेगळी, म्हणून सगळं हातवाऱ्यांवर.

एका दुपारी तो सोबती दरीपलीकडून हात हलवत होता. बाबा अचानक ओरडले, "खाली घे म्हणून राहिला तो! खाली घे!" क्रेनवाल्याला ओझं खाली घ्यायला खालून हाताने इशारा करतात ना, तसाच तो त्यांना वाटला. दादानं ऐकलं आणि गेममधला माणूस सरळ दरीत! बाबा खो खो हसले. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तर बाबा तिला सगळं सांगत बसले... किती महिन्यांनी!

मग ते रोजचंच झालं. क्लास सुटला की खेळ सुरू. तोच इशारा, बाबांचं तेच ओरडणं, तोच माणूस दरीत. मला भारी वैताग यायचा. "अरे, उडी मार ना! तुले समजत कसं नाही?" दादा गालातल्या गालात हसायचा.

पुढे बाबा गेले, मी लग्न होऊन नागपूरला आले. गेल्या दिवाळीत दादाची शेवटची भेट. बोलतानाही त्याला धाप लागत होती. तरी मी चिडवलंच, "एवढा मास्तर तू, पण तो गेम काही तुले जमला नाही."

"जमला होता ना," तो म्हणाला. "बाबाले दाखवायच्या आधीच क्लासमध्ये पुरा खेळलो होतो मी. तो सोबती उडी मार म्हणत होता."

"मंग कावून पाडत होता त्याले रोज?"

"पुढं गेलो असतो त बाबा कायले बोलले असते?"

आता भिलाईला गेले तेव्हा दादाच्या टेबलापुढे अजूनही दोन खुर्च्या होत्या. वहिनीनं विचारलं, "ताई, एक उचलून ठेवू का?" मी मानेनंच नको म्हटलं आणि बाबांच्या खुर्चीत बसले. ती माझ्या सासरचं, मुलांचं काहीबाही विचारत राहिली. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मला बोलतं करायला आता दादा कुठून आणू?