म्हसोबाच्या कोंबडीचा डावा पाय

"पास नाही," असं म्हणून शेजारचे काका हळूच मान हलवायचे, आणि समोरच्याची सगळी मेहनत पाण्यात जायची.

आडगावला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं तपासनीसाचं काम केलेलं. सुटा भाग मापात असेल तर पास, केसभर कमी-जास्त असेल तर परत. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. मी हौसेने नवं फाटक बसवलं, तर हे खिशातून व्हर्नियर, म्हणजे ती चिमट्यासारखी मापपट्टी, काढून हजर. "ताई, वरची बिजागरी दोन मिलिमीटर पुढे आलीय. पास नाही."

"काका, फाटक आहे ते, उडायचं नाहीये त्याला!"

"म्हणून काय वाकडं बसवायचं?"

असा संताप यायचा की विचारू नका. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. लांबून दिसला की तुम्हीही दार लावून घेत असाल. पण खोटं 'पास' त्यांनी आयुष्यात कुणाला दिलं नाही, साहेबालाही नाही. काकू हे अभिमानानेही सांगायच्या आणि वैतागूनही.

काकूंनी मागच्या अंगणात चार कोंबड्या पाळल्या होत्या. काका तिकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. लेकीचं बाळंतपण अवघड निघालं तेव्हा काकूंनी त्यातल्या तांबडीला कुंकू लावलं आणि निफाडकडच्या आपल्या गावच्या म्हसोबाला ती कबूल केली. नात सुखरूप झाली. चैत्रात जत्रेला जायचं आणि कोंबडी द्यायची, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात एका भटक्या कुत्र्याने नेमका तिचाच डावा पाय मोडला.

काकू तिला उचलून काकांकडे घेऊन आल्या. देवाला अधू जनावर चालत नाही, आणि कुंकू लावलेलं बदलूनही चालत नाही. "आता कसं हो करायचं?"

"रिवर्क करू," काका म्हणाले.

आइस्क्रीमच्या दोन काड्या घासून त्यांनी मापाच्या केल्या. कापूस, हळद, वरून पट्टी. द्राक्षांच्या क्रेटमध्ये पोतं अंथरून पेशंटची सोय झाली. तिसऱ्या दिवसापासून मला भिंतीपलीकडून आवाज यायला लागले. "खा गं बाई, दोन दाणे खा. माझ्यासाठी खा." अगंबाई! या माणसाने काकूंना तरी कधी एवढ्या लाडाने 'खा' म्हटलं असेल का, देव जाणे.

काकू रोज विचारायच्या, "झाली का बरी?" काका व्हर्नियर लावायचे, चष्मा वर करायचे. "अजून दोन मिलिमीटर आखूड. पास नाही." काकू मुकाट्याने आत जायच्या. त्या मापावर शंका घ्यायची त्यांची रीतच नव्हती.

जत्रा आठवड्यावर आली. एका दुपारी काकू भाजीला गेल्या होत्या आणि मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. खाली बघते तर काय, पट्टीबिट्टी काही नाही, कोंबडी अंगणभर तुरुतुरु धावतेय आणि काका तांदूळ घेऊन तिच्यामागे! आमची नजरानजर झाली. तेवढ्यात त्यांचं फाटक वाजलं. काकांनी झडप घालून तिला धरलं आणि घाईघाईने पट्टी गुंडाळली.

उजव्या पायाला.

काकू पिशवी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "अहो, मोडला होता तो डावा ना?"

मी वर पदरात तोंड खुपसून हसत होते. काकू मात्र हसल्या नाहीत. "माझा नवरा खोटं लिहून देत नाही, असं मी छातीठोकपणे जगाला सांगत आले. आता खरं सांगा. पास का नाही?"

काकांनी कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला. "पास आहे," ते म्हणाले. "केव्हाच झाली. पण मी देणार नाही तिला. जीव लागलाय माझा."

"मग म्हसोबाला काय तोंड दाखवू मी?"

"तू नको दाखवू. मी दाखवतो."

आणि खरंच गेले. नारळाखाली रेघांच्या कागदावर अर्ज ठेवला: 'सदर कोंबडी तपासणीत उत्तम आढळली. तरीही देण्यास असमर्थ आहे. कारण: माया. चूक सर्वस्वी माझी, घरच्यांकडे धरू नये.' खाली झोकदार सही. तिथला भगत म्हणे अर्ज दोनदा वाचून म्हणाला, "अण्णा, असा अर्ज तर देवानंबी अजून पाहिला नसंल."

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी काका गेले. चहा घेता घेता, बसल्या जागी. मला फार रडू आलं, आणि त्याचं माझं मलाच नवल वाटलं.

दहाव्याला गावाहून काकूंच्या थोरल्या जाऊबाई आल्या होत्या. दबक्या आवाजात म्हणाल्या, "नवस चुकवला, दुसरं काय! आता तरी देऊन टाक ती कोंबडी. घराला चांगलं नाय."

मला वाटलं, आता काकू देणार. देवाचं त्यांनी कधी मोडलं नव्हतं. काकू उठल्या, अंगणात गेल्या आणि तांबडीला उचलून, मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या.

"त्यांना नेलं, मी काही बोलले नाही," त्या म्हणाल्या. "हिला मात्र मागायचं नाही."